नगरधन सोडू नका
तुमच्या लेखात नागपूर-रामटेक-खिंडसी तलाव असा सायकलचा रूट मस्त दिलाय, पण रामटेकजवळच्या नगरधन किल्ल्याबद्दल 'नगरधनला फक्त पडकी भिंत आहे, वेळ नसेल तर वगळा' हे काही पटलं नाही. अहो ही विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन! इथल्या खोदकामात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, त्यावर शंख आहे, प्रभावती म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि नवरा गेल्यावर स्वतः राज्य चालवणारी बाई, आणि आपण तिच्या गावावरून न थांबता सायकल हाणायची? आताचा किल्ला भोसल्यांच्या काळातला, आत जमिनीखाली देवीचं देऊळ आहे, मे महिन्यात पायऱ्या उतरलो तर अंगावरचा घाम थंड पडला, वर मात्र दगडाला हात लावता येत नव्हता.

आणि एक, मनसरपर्यंत हायवेवर ट्रकचा भारी त्रास आहे, तेव्हा पहाटे पाचच्या आत कामठी सोडा, मागचा लाल लाईट लावाच. मागच्या हिवाळ्यात एका ट्रकनं मला कडेच्या गिट्टीत उतरवलं, गुडघा अजून दुखतो. रामटेक ते नगरधन मात्र गावातला शांत रस्ता, दोन्हीकडे धानाची बांधी, तिथं सायकल चालवायचं खरं सुख आहे.