साइडबॉटम: चिडवायचं नाव की खोऱ्याचं?

नमस्कार. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज रायन साइडबॉटमच्या आडनावावर मी लिहिलं, त्याबद्दल तुमच्या दोन हरकती आहेत. पहिली, हे सरळसरळ कुणाला तरी चिडवायला पडलेलं नाव आहे आणि ‘रुंद खोरं’ हा सोवळा अर्थ मी त्याला चिकटवतोय. दुसरी, काही घराणी ‘साइडबोथम’ लिहितात, तेव्हा शेवटचं ‘हॅम’ हे नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅममधलं, वस्तीचं.

आधी पहिलीबद्दल. आपल्याकडे घागरीला बूड असतं आणि माणसालाही. इंग्रजीतल्या ‘बॉटम’चं तसंच आहे, पण तिकडे माणसाच्या बुडाचा अर्थ फार उशिरा, १८व्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. आडनावं त्याच्या कितीतरी पिढ्या आधी पक्की झाली होती. चिडवायला तो अर्थ हाताशी होताच कुठे? जुन्या इंग्रजीत ‘बॉट्म’ म्हणजे खोऱ्याचा तळ आणि ‘सीद’ म्हणजे रुंद. इंग्लंडच्या चेशायर परगण्यातल्या अशा जागेवरून तिथल्या माणसांना हे नाव मिळालं, जसे आपल्याकडे दऱ्याचे दरेकर झाले.

नकाशा उघडून बघा. मँचेस्टरच्या उत्तरेला अर्वेल नदीकाठी रॅम्सबॉटम नावाचं अख्खं गाव आहे. त्यातलं ‘रॅम्स’ रानलसणीचं की मेंढ्याचं यावर मतभेद आहेत, ‘बॉटम’वर नाहीत. पूर्वेकडच्या लाँगडेंडेल खोऱ्यात एकाखाली एक धरणं बांधलेली आहेत, त्यांतल्या खालच्या एकाचं नाव बॉटम्स. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यातलं चराईचं खोरं: वर डोंगरावर वारा झोंबू लागला की जनावरं उतरवायची ती जागा. ‘शफलबॉटम’ ऐकलं की लोक हमखास हसतात, पण मुळात तेही मेंढ्यांच्या ओढ्याकाठचं खोरं आहे. या नावांत त्या मुलखातल्या गुराख्यांचं सगळं वर्ष साठलेलं आहे, म्हणून मला ती इतकी आवडतात.

‘हॅम’चा तुमचा तर्क वरवर अगदी पटण्यासारखा आहे. पण ‘बोथम’ हे ‘बॉट्म’चंच बोलण्यातलं जुनं रूप. लिहिताना त्याचा शेवट ओळखीच्या ‘हॅम’सारखा झाला, एवढंच. इयान बोथमचं आडनावही त्याच मुळाचं.

‘असलं आडनाव लोक बदलत का नाहीत?’ हे तुमचं वाक्य मात्र मला लागलं. काही घराण्यांनी उच्चार फिरवलाय, ती ‘सिडी-बो-टोम’ म्हणवून घेतात. लोकांच्या हसण्याला कंटाळून माणसाला स्वतःचं नाव वाकडं करावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. रायनचे वडील आर्नी १९८५ मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळले. रायनने २००८ मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली. दोन्ही धावफलकांवर ‘साइडबॉटम’ असंच लिहिलेलं आहे.

तुमचं एक म्हणणं मान्य. शरीरावरून पडलेली आडनावंही इंग्रजीत आहेत. यॉर्कशायरमधलं शीपशँक्स हे तसंच, मेंढीसारख्या काटकुळ्या पायांचा. ते लेखात यायला हवं होतं. आज रात्री तो परिच्छेद जोडतो.