खुलासा : जुनी ‘वॉलेट.डॅट’ उघडली नाही म्हणजे बिटकॉइन बुडाले नाहीत

‘बिटकॉइन कोअरच्या नव्या आवृत्तीत जुनी वॉलेट.डॅट चालत नाही, पैसे गेले’ हा मेसेज अर्धाच खरा आहे. बिटकॉइन कोअर हे बिटकॉइन सांभाळायचे संगणकावरचे सॉफ्टवेअर, आणि वॉलेट.डॅट ही बिटकॉइन खर्च करायची गुप्त चावी ठेवणारी त्याची फाइल. 2025 च्या 30 व्या आवृत्तीपासून या फाइलचा जुना साचा थेट उघडत नाही, पण फाइल मेनूतल्या ‘मायग्रेट वॉलेट’ने तो बदलून घेता येतो. वॉलेटला पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावला असेल, तर तो मात्र आठवायला हवा. आधी फाइलच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका. शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका, सिंक, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंद संगणकावर उतरवणे, पूर्ण व्हायचे असते. प्रूनिंग (जागा वाचवायची सोय) चालू असेल तर जुने ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे, पुसलेले असतात, मग जुन्या व्यवहारांची तपासणी अडते. रक्कम हलवताना आधी किरकोळ पाठवून पाहा. आणि ‘फाइल अपलोड करा, काढून देतो’ म्हणणाऱ्या साइट? तिथे चावीच चोराच्या हाती जाते.