पान लागलं (साप चावला) तर दोरी नको, आणि थेट बांबोळीही नको

परवा देवगडहून आत्याने एक फॉरवर्ड पाठवला. खाली एकच ओळ : "ह्या खरा काय गो?" तोच मेसेज सिंधुदुर्गातल्या दोन ग्रुपांवर मी आधी पाहिला होता आणि सोडून दिला होता. पण आत्या पंच्याहत्तरीची, आतेभाऊ दिवसभर कलमांत, आणि हे दिवस गवत काढणीचे. आता सोडून देणं जमणार नाही.

मेसेज म्हणतो : तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काही मिळत नाही. साप चावला तर वर घट्ट दोरी बांधा आणि वाटेत कुठेही न थांबता थेट गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात न्या. 108 ची गाडी पैसे मागते. पोलिसांचा कागद आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. इथे केस पेपरपासून पैसे, बांबोळीत सगळं फुकट. आणि तालुक्याला स्पेशालिस्ट नसतातच.

सापाचंच आधी घेते, कारण त्या दोन ओळींनी माणूस मरेल. देवगड ते बांबोळी दीडशे किलोमीटरच्या आसपास. नांदगाव तिठ्यावर हायवेला लागेपर्यंतच किती वेळ जातो ते इथल्या माणसाला सांगायला नको. सापाची लस, म्हणजे विषावरचं औषध, रक्तात फिरणारं विष निकामी करते. विषाने एकदा केलेलं नुकसान ती भरून काढत नाही. म्हणजे प्रश्न किती मोठ्या हॉस्पिटलात नेलं हा नाही, पहिली लस किती लवकर गेली हा आहे. केंद्र सरकारची सर्पदंश उपचारांची मार्गदर्शिका हेच सांगते. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलू देऊ नका, आणि लस असलेल्या जवळच्या दवाखान्यात न्या. फुरसं किंवा घोणस चावलेल्या पायाला आवळून बांधलं तर विष तिथेच साचून मांस सडतं, आणि दोरी एकदम सोडली की सगळं विष एकाच वेळी अंगात जातं.

"पण तालुक्याला कसलं मशीन आहे?" लागतच नाही. विष रक्तात भिनलंय का हे पाहायला दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर फुरसं-घोणशीचं विष. मण्यार किंवा नाग असेल तर पापण्या जड होतात, त्या डॉक्टरला डोळ्यांनी दिसतात. मग लसीच्या 8 ते 10 व्हायल (छोट्या बाटल्या) सलाइनमधून, लहान पोराला आणि मोठ्या माणसाला सारख्याच, कारण विष दोघांत सारखंच गेलेलं असतं. हे तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात होतं. पुढे श्वास अडकला, व्हेंटिलेटर लागला, किडनी बसली, तर ओरोसचं मोठं सरकारी रुग्णालय किंवा बांबोळी. पण पहिली लस घेऊन. कोकणातल्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण सांभाळले. प्राझोसिनच्या साध्या गोळीने ते वाचतात हे त्यांनी दाखवलं आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं.

108 मोफत आहे, 2014 पासून. गाडीत डॉक्टर असतो. कोणी पैसे मागितले तर तक्रार करा.

पोलिसांचा कागद? परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं : आधी जीव वाचवा, कागद नंतर. सरकारी असो वा खासगी.

केस पेपरचे पैसे 15 ऑगस्ट 2023 पासून बंद आहेत. आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचारही मोफत. मेडिकल कॉलेजांना तो निर्णय लागू नाही, तेव्हा कोणी पावती दाखवली तर ती कुठली ते विचारा. आणि "बांबोळीत फुकट" म्हणणाऱ्याने 2018 आठवावं. त्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागलं आणि आपल्या जिल्ह्यात आंदोलनं झाली.

स्पेशालिस्टचं मात्र खोटं नाही, हे मला मान्य करावंच लागतं. केंद्राच्याच 2021-22 च्या आकडेवारीत देशभरच्या ग्रामीण रुग्णालयांत जवळपास ऐंशी टक्के तज्ज्ञ कमी होते. माझ्या वहिनीला नववा महिना भरताना "भूलतज्ज्ञ नाहीत" म्हणून एका रुग्णालयातून रात्री पुढे पाठवलं होतं. तो राग अजून आहे. डोक्याला मार लागला, हृदयाचं ऑपरेशन असलं, तर बांबोळी गाठावीच लागते. पण सापाच्या लसीला सर्जन लागत नाही. तिला लागतो ड्युटीवरचा एमबीबीएस डॉक्टर आणि फ्रीजमधला साठा.

म्हणून आतेभावाला सांगितलंय : उद्या ग्रामीण रुग्णालयात जा, लस किती आहे आणि रात्री ड्युटीवर कोण असतं ते विचार, तिथला फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिही. लस नाही म्हणाले तर त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दे. आणि ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर, त्याच्याच खाली, दोरी बांधू नका एवढं तरी आज लिहावं.