गधेगळाखाली हंडा नसतो, त्यावर दानपत्र असतं

‘गावाबाहेरच्या नक्षीदार दगडांचं रहस्य’ असा एक लांबलचक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार दावे आहेत. गाढव कोरलेला दगड ही गुप्तधनाची खूण, गाढवाचं तोंड जिकडे तिकडे सात पावलांवर हंडा. वरचे चंद्र-सूर्य म्हणजे कधी खणायचं त्याचा इशारा. वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड, या शिवरायांच्या मावळ्यांच्या समाध्या. आणि हे दगड ॲसिडने धुऊन ऑइलपेंट दिला की टिकतात. मावसभावाने तो मला पाठवून खाली विचारलंय, ‘आपल्या शिवेवरचा दगड बघायचा का एकदा?’ नाही बघायचा. का, ते नीट सांगतो.

आधी गाढव, कारण पहारी-कुदळी निघतात त्या याच दाव्यामुळे. या दगडाला गधेगळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य आणि बहुधा मधे कलश, त्याखाली बऱ्याचदा लेख, तळाला गाढव आणि स्त्री. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने जमीन, उत्पन्न दान दिलं की ते जाहीर करणारा हा दगड उभा राहायचा. मुंबईतल्या परळचा, कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपरादित्य राजाचा लेख घ्या : शके ११०८, म्हणजे इ. स. ११८६-८७. साष्टीतल्या महावली गावच्या एका वाडीचं, म्हणजे बागेचं, ठरलेलं उत्पन्न, २४ द्रम्म (त्या काळची नाणी), वैद्यनाथाच्या पूजेला दिल्याचं त्यात आहे. लेख संस्कृत, पण शेवट मराठीत : जो कोणी ‘ए शासन लोपी’ त्याच्यावर सहकुटुंब देवाचा कोप होवो, आणि पुढे त्याच्या आईवरून गाढवाची शिवी. खालचं चित्र म्हणजे तीच शिवी, अक्षर न येणाऱ्यालाही कळेल अशी.

म्हणजे हा दगड सगळ्यांनी पाहावा म्हणून उभा केला. ज्याला धन लपवायचंय तो त्यावर दानाचा मजकूर आणि शाप कोरून चारचौघांत कशाला लावेल? तोंडाच्या दिशेचं तर बोलूच नका. शेकडो वर्षांत हे दगड देवळाच्या आवारात, पाराखाली, रस्त्याच्या कडेला हलवले गेलेत. आजची दिशा मूळची असेलच असं नाही. अर्धसत्य एवढंच की गधेगळ ‘संपत्ती’शी संबंधित आहे. पण ती संपत्ती त्या जमिनीचं उत्पन्न, आणि लेख असला तर ते त्यातच लिहिलेलं असतं. नांगराला कधीमधी नाण्यांचं मडकं लागतं हेही खरं, पण त्याचा या दगडाशी काही संबंध नाही.

खणल्यावर काय होतं? अशा दगडाचा खालचा, न कोरलेला भाग जमिनीत गाडलेला असतो. त्याच्याच आधाराने तो उभा राहतो. एका बाजूची माती काढली की काही क्विंटलचा दगड कलतो, पडतो आणि जुन्या चिरेवर दुभंगतो. लेख चिरेत गेला की ती ओळ कायमची गेली. शिवाय १८७८च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार केले तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळा.

चंद्र-सूर्याचा अर्थ सरळ आहे : आचंद्रार्क, जोवर ते आहेत तोवर हे दान चालावं. वीरगळावरही तेच, वीराची कीर्ती तोवर राहावी.

वीरगळ आणि मावळे : काही वीरगळ शिवकाळातले किंवा नंतरचे असतील, मान्य. पण ही प्रथा त्याच्या कितीतरी आधीची. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई आहे. अभ्यासक ती १२६५च्या सुमाराच्या शिलाहार-यादव संघर्षाशी जोडतात. वीरगळ खालून वर वाचायचा : तळाला लढाई आणि मरण, मग अप्सरा वीराला वर नेताना, वर तो शिवलिंग पूजताना. तळाला गाई दिसल्या तर गोधन राखताना मेला. भराव टाकून रस्ता उंच केला की पहिला गाडला जातो तो हाच तळाचा कप्पा.

आता ॲसिड. आपल्या काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात, त्यातले काही कॅल्साइटचे. संडास धुवायचं ॲसिड पडलं की ते फसफसून विरघळतात आणि तिथे खड्डे राहतात. अक्षराची रेघ मुळात काही मिलिमीटर खोल. अशा धुण्याने ती ओळखू येईनाशी होऊ शकते. ऑइलपेंटने ओल आत कोंडते, मग रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही सुटतो. तारेचा ब्रश नको, शेंदराचे थर छिन्नीने खरवडणं नको, अक्षरांत खडू किंवा पीठ भरणं नको. चिखल असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. लेख वाचायचा तर सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा, नाहीतर अंधारात टॉर्च दगडाला जवळपास टेकवून बाजूने धरा. पुसट अक्षरांना सावली येते. उंची, रुंदी, तोंडाची दिशा, गटनंबर लिहून ठेवा.

दगड पडलेला असेल तर साखळी बांधून जेसीबीने उचलू नका. कोरीव बाजू वर असेल तर आहे तसा ठेवा, फोटो आणि मोजमापं राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांकडे पाठवा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.