आईनं भरल्या गाडीत माझी इज्जत काढली

आज राखी. आईला घेऊन मामाकडे जाऊन आलो. जाता-येता घरचे माझ्यावर एवढे हसले की पुढच्या राखीपर्यंत पुरेल. झोप येऊन नाही राह्यली म्हणून लिहितो. लांब होणार आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचा, बाकीच्यांनी अंगठा दाबून पुढं जा.

झालं असं. पोरगा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. उंच, पांढरी, समोर टीव्हीएवढा पडदा. निघताना आई मागं बसली अन् गाडी टुंग टुंग करायला लागली. पोरगा म्हणाला, "आजी, बेल्ट लाव." आई म्हणे, "मी तं मागं बसली, मले कायले पट्टा?" तो म्हणाला, "अगं, मागं कोणी बसलंय हे गाडीला कळतं. पट्टा लावल्याशिवाय ती गप्प नाही बसत."

आई दोन मिनिटं त्या पडद्याकडे पाहत बसली. मग म्हणे, "हिले समजते? मंग तुह्या बापापरस बरी हाय."

झालं. सून तोंडाला पदर लावून, पोरगा स्टेअरिंगवर डोकं टेकवून, अन् आमच्या सौभाग्यवती तर डोळे पुसत होत्या. सगळ्यांना गोष्ट माहीत आहे. तुमच्यातल्या ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८८ साली, ह्याच राखीला, ह्याच रस्त्यावर मी माझ्या सख्ख्या आईला मागं ठेवून गाडी घेऊन निघून गेलो होतो. चार किलोमीटर. सांगतो पुढं.

आईचा राग नाही. तिचा हक्क आहे, ती ऐंशीची आहे. डोक्यात गेलं ते पोराचं पुढचं वाक्य. "पप्पा, तुम्ही लोक गाडी चालवत नव्हते. ढकलत होते."

अबे, ढकलत होतो! ढकलली म्हणून तर ओळखत होतो. तुझ्या गाडीचं बॉनेट उघडून दाखव म्हटलं, तर हा आधी मोबाईलवर पाहतो की बॉनेटचा खटका कुठं आहे. गाडी घेऊन आठ महिने झाले. हप्ता कितीचा ते पैशापर्यंत पाठ आहे, पण स्टेपनी कुठं आहे विचारलं तर म्हणतो, "लागलीच तर हेल्पलाइन आहे ना." आमची हेल्पलाइन म्हणजे सीटखालचा प्लगपाना, काडीपेटी आणि एक तुटका विळा.

विळा कशाला, ते विदर्भाबाहेरच्यांना नाही समजायचं. आपली काळी माती ओली झाली की माती राहत नाही, डिंक होते. टायर अन् मडगार्डच्या मध्ये थरावर थर बसतो. आधी गाडी जड लागते, मग इंजिन रडायला लागतं, मग क्लचप्लेटा जळल्याचा वास, अन् मग पुढचं चाक फिरायचंच थांबतं. फिरत नाही म्हणजे नाही. नुसतं घसरत जाते गाडी, वखरासारखी. मग उतरायचं, विळ्याचं टोक आत घालून माती खरडायची, पन्नास पावलं जायचं, पुन्हा खरडायची. शहाणी माणसं मृग लागला की पुढचं मडगार्डच काढून ठेवायची. मग चिखल दातावर यायचा, पण गाडी चालायची. आमच्या बाबांना बिनमडगार्डाची गाडी पाहवत नसे. "बोडकी दिसते" म्हणायचे. म्हणून आमच्याकडे विळा.

गाडी राजदूत. १९८६ ला घेतली, सेकंडहँड, कापसाच्या चुकाऱ्यातून. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारच घ्यायचं, चुकारा म्हणजे त्याचे पैसे तुकड्यातुकड्यात यायचे, अन् गाडीचे पैसेही बाबांनी तसेच तीन तुकड्यांत दिले. १७३ सीसी, बोलताना १७५. एस्कॉर्ट्स कंपनीची, फरीदाबादची. हीच कंपनी ट्रॅक्टर करायची, म्हणूनच की काय आमची राजदूत ट्रॅक्टरची धाकटी बहीण वाटायची. (ती ३५० वाली राजदूत वेगळी. ती यामाहाची, शहरातल्या शौकीन पोट्ट्यांची. आमची दूधवाल्याची.) टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं. पंपावर मापानं मिळायचं, पण गावात किराणा दुकानातून बाटलीतलं घेतलं की ऑइल हाताच्या अंदाजानं. कमी पडलं तर पिस्टन पकडणार, जास्त झालं तर ठिणगीचा प्लग काळा होणार अन् गाडी सुरू व्हायला रडणार. माझा हात सढळ. माझा प्लग कायम काळा.

काळा प्लग म्हणजे काय, हे माझ्या पोराला मी आज तीनदा समजावलं. तो म्हणाला, "ओके." ओके!

शिकलो तुरीच्या वावरात, तूर सवंगून, म्हणजे कापून, झाल्यावर. पूर्ण वावरात एकच बाभूळ होती, तिच्यावरच जाऊन आदळलो. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शकुंतलेबरोबर शर्यत लावण्याएवढा तयार झालो. यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी लाइन, तेव्हा कोळशाचं इंजिन होतं, १९९४ पर्यंत होतं. जिथं रूळ रस्त्याजवळ यायचा तिथं आम्ही तिच्या बाजूनं गाडी लावायचो. डब्यातली माणसं दारात उभी राहून ओरडायची, कोणी टोप्या हलवायचे. आम्ही नेहमी जिंकायचो. शकुंतलेला हरवणं म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हता, तिला तर सायकलवालाही गाठायचा. पण अठराव्या वर्षी मागं कोळशाचं इंजिन शिट्टी मारत आहे अन् आपल्या कानात वारा भरलाय... जाऊ द्या. ती गाडीही बंद पडली.

तर १९८८ ची राखी. त्या वर्षी पाऊस म्हणजे विचारू नका. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, मामाचं नेर तालुक्यात. मधला रस्ता अर्धा मुरमाचा, अर्धा देवाच्या भरवशाचा. बाबा म्हणाले, एसटीनं जा. मी म्हटलं, मी असताना एसटी कशाला? आई नवं लुगडं नेसून मागं एका बाजूला बसली. पिशवीत राख्या, नारळ अन् मामाच्या पोरांसाठी पायलीभर करंज्या.

रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, अलीकडे चाक जाम झालं. आई उतरली. मी विळा घेऊन बसलो. खरडून झालं तर गाडी चालू होईना. प्लग काढला, काळाभोर अन् ओला. पदराला पुसला, आईच्याच. काडीपेटीच्या बाजूवर घासला, काडी पेटवून शेकला, लावला. किक मारल्या किती ते मोजले नाहीत, पोटरी सुजून आली होती. अन् एकदम धडधडून सुरू झाली! आता ज्यांनी टू-स्ट्रोक चालवली त्यांनाच माहीत, की अशी चिखलात सुरू झालेली गाडी बंद पडू द्यायची नसते. ॲक्सिलेटर धरून ठेवायचा, अन् निघायचं. मी ओरडलो, "बस बस, लवकर बस!" मागं वजन पडलं. सोडला क्लच.

वजन करंज्यांच्या पिशवीचं होतं. आईनं बसायच्या आधी पिशवी सीटवर ठेवली होती.

चार किलोमीटर मी बोलत गेलो. मामाला दुसरी विहीर खणायची आहे, त्याला नाही म्हण. धाकट्या मामीचं मन राखायला पाहिजे. बाबा ऐकत नाहीत, तूच सांग, मला पुढं शिकायचं आहे. आयुष्यात आईशी एवढं मन मोकळं मी कधी बोललो नव्हतो. फाट्यावर चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, "काय, एकटाच?" मी म्हटलं, "आई हाय ना." त्यानं माझ्या मागं पाहिलं. मी मागं पाहिलं. पिशवी.

ही गोष्ट घरात हजार वेळा सांगून झाली आहे. आजही मामाच्या ओसरीवर झाली, माझ्या नातवाला पहिल्यांदा. त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला अलार्म नाही आला?"

त्यावर माझं म्हणणं असं आहे. आला होता ना अलार्म. त्या रात्री बाबांना कळलं. मला वाटलं, मार पडणार. ते आधी हसले, खोकला लागेपर्यंत हसले. मग एकच गोष्ट म्हणाले, "मागच्याचा हात खांद्याले लागल्याबिगर क्लच सोडू नको." त्या दिवसापासून आजपर्यंत कोणीही मागं बसलं तरी खांद्यावर हात पडल्याशिवाय मी गाडी हलवली नाही. बायको लग्नानंतर पहिल्यांदा बसली, लाजत होती, हात ठेवेना. मी गाडी हलवेना. पाच मिनिटं सासऱ्याच्या दारात उभे, सगळी गल्ली पाहत होती. आता ती दोनदा थापटते. आम्हाला यंत्रानं नाही सांगितलं, मागं माणूस आहे म्हणून. त्या माणसाचा हात सांगायचा. हे मी पोराला म्हणालो तर तो म्हणे, "पण पप्पा, हा नियम आजीला विसरल्यानंतरचा आहे."

हो. ठीक आहे. तेवढं खरं आहे त्याचं.

अन् हेही लिहून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये तुम्ही नको शिकवायला. राजदूतला पावसात ब्रेक होते असं म्हणणं धाडसाचं आहे. गाडी हळू केली की हेडलाइट कंदिलासारखा व्हायचा. हेल्मेट आम्ही पाहिलंही नव्हतं. धूर एवढा की मागच्यानं खोकतच यावं. मित्राचा पाय मोडला, आजही लंगडतो. मान्य, सगळं मान्य. पट्टा लावायलाच पाहिजे, मीही लावला. पण म्हणून "ढकलत होते"? ज्या माणसानं ह्याला पहिल्या दिवशी शाळेत त्याच राजदूतवर, टाकीवर बसवून नेलं, त्याला? टाकीवर बसून पूर्ण रस्ता हॉर्न वाजवायचास की नाही? तेव्हा नव्हतं वाटलं ढकलतो म्हणून?

असो. चिडून उपयोग नाही. थोडं पाणी पिऊन आलो.

लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली अन् ती काही चांगली नाही. आज जाताना तो रपटा आला. आता रपटा नाही, मोठा पूल आहे, सिमेंटचा रस्ता आहे, चिखलाचं नाव नाही. आई म्हणाली, "काच खाली कर रे जराशी." पोरगा म्हणाला, "आजी, एसी चालू आहे." ती म्हणाली, "थांबशीन का इथं?" तोवर आपण पुलाच्या पार. ऐंशीच्या स्पीडला पूल म्हणजे काय, एक ढेंगच. मी पुढच्या सीटवर होतो. मला ऐकू आलं होतं. पण माझी तोवर इज्जत निघालेली, मी फुगून बसलो होतो खिडकीकडे तोंड करून. थांब म्हणायला मला काय झालं होतं?

म्हणून मघाशी जाऊन विचारलं. ती जागीच होती, तिला कुठं झोप लागते. म्हटलं, आई, तिथं कायले थांबायचं होतं?

आता १९८८ ची जी बाजू मी नेहमी सांगतो ती अशी: मी गाडी वळवून भरधाव परत आलो, अर्ध्या रस्त्यात चाक पुन्हा जाम, पुन्हा विळा, पाऊण-एक घंटा गेला असेल. माझ्या डोळ्यासमोर नाला, पूर, काय काय. अन् आई रपट्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली. ओच्यात मुगाच्या हिरव्या शेंगा. बाजूच्या वावरातून तोडलेल्या. एकेक सोलून खाऊन राह्यली. मला पाहून म्हणाली, "आला का? घे." मी रडलो, ती नाही रडली. इथं गोष्ट संपते, अन् सगळे हसतात.

आज मी पहिल्यांदा विचारलं, की तू मागून ओरडली का नाही?

"ओरडली ना एक खेप," म्हणे. "तुह्या फटफटीत तुले आयकू येते काय? मंग म्हनलं, जाऊ दे. येईन वापस." थोडं थांबून म्हणाली, "लगन झाल्यापासून मी तशी कधी बसली नोती. ना सयपाक, ना ढोरं, ना कोनी हाका मारे. पाऊसही उघडला होता. तू अजून अर्धा घंटा उशिरा आला असता तं चाललं असतं."

मी काय बोलणार? चादर नीट केली अन् उठलो.

दाराशी पोचलो तर मागून म्हणाली, "मूग पाहाचा होता मले. पूर्ण रस्त्यानं सोयाबीनच दिसलं. आता कोनी मूग पेरतच नाही काय रे?" अन् मग, "थ्या शेंगा लय गोड होत्या. कोनाचं वावर होतं कोनास ठाऊक."