उरलेले दोन स्क्रू

कॉम्प्युटर कुठून घ्यावा, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, बिघडल्यावर भांडायला कुठे जाणार? खरेदी एका दिवसाची असते, भांडण तीन वर्षांचं. ब्रँडेड रेडीमेड घेतला तर भांडायला एकच फोन नंबर असतो. वीस मिनिटं संगीत ऐकावं लागतं, पण शेवटी माणूस घरी येतो. असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून, घेतला की प्रोसेसरचं सर्व्हिस सेंटर एकीकडे, मदरबोर्डचं दुसरीकडे, एसएमपीएसचं, म्हणजे पॉवर सप्लायचं, भलतीकडेच. आणि दोष आमचा नाही, यावर तिघांचं एकमत.

मग रेडीमेडच घ्यावा की! घ्या. टॅली, ईमेल, मुलांचे प्रोजेक्ट एवढंच काम असेल तर खरंच घ्या. फक्त पुढे त्यात भर घालायची स्वप्नं बघू नका. बऱ्याच ब्रँडेड डब्यांत मदरबोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो आणि पॉवर सप्लायचा कनेक्टरही नेहमीचा २४ पिनांचा नसतो. ग्राफिक्स कार्ड टाकायला जावं तर आतला छोटा सप्लाय हात वर करतो, आणि बाजारातला मोठा तिथे बसत नाही. रॅमची पट्टीही बहुधा एकच. दोन नळांची सोय असताना एकाच नळाखाली बादली लावल्यासारखं.

असेंबल करायचं ठरलं तर मुंबईकर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला सांगून बघा. निदान तीन दुकानांतून कोटेशन घ्या. प्रोसेसरचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो, त्यामुळे तिथे दुकानदार कमी करतो आणि ज्याचं नावच कोटेशनवर नाही त्यात भरून काढतो. ‘एसएमपीएस ४५० वॅट’ एवढंच लिहिलं असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून मागा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या सप्लायवरचे वॅट हे पत्रिकेतल्या गुणांसारखे असतात, संसारात दिसतीलच असं नाही. रॅम ‘१६ जीबी’ असेल तर विचारा, एक पट्टी की आठाच्या दोन? २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की कोटेशन संध्याकाळपर्यंत टिकलं तरी पुष्कळ.

मग येतो तो नाजूक प्रश्न, “बिल हवंय का?” हवंय! १८ टक्के जीएसटी वाचवून हातात कच्ची चिठ्ठी घेतली, तर वॉरंटीच्या दिवशी त्या चिठ्ठीचा उपयोग पुडी बांधायला.

जोडणी डायनिंग टेबलावर करा, गालिच्यावर नको. मदरबोर्ड बसवण्याआधी त्याच्या पोर्टांभोवतीचा पत्रा सुटा असेल तर तो कॅबिनेटला लावा. हा पत्रा सगळं आवळून झाल्यावरच खोक्याच्या तळाशी सापडतो. बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी खुंट, म्हणजे स्टँडऑफ, भोकांशी जुळवून घ्या, भलत्या जागी एखादा राहिला तर शॉर्ट होतो. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरे, पोळीला तूप लावल्यासारखी चोपडू नका. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक आठवणीने सोला, नाहीतर प्रोसेसर रेनकोट घालून उकडत बसतो. रॅमच्या चार खाचा असल्या तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. कट् असा आवाज येईपर्यंत दाबा. बोर्ड किंचित वाकतो, तेव्हा श्वास रोखला तरी चालेल. कॅबिनेटच्या बटणाच्या वायरी सगळ्यात छळतात. पिना मोहरीएवढ्या, त्यावरची अक्षरं खसखशीएवढी. पॉवर स्विचची वायर उलटी लागली तरी चालते, एलईडीची चालत नाही.

बटण दाबल्यावर काहीच झालं नाही, तर एसएमपीएसच्या मागचा स्विच शून्याकडे झुकलाय का बघा. माझ्या मते निम्मे ‘डेड’ कॉम्प्युटर इथेच जिवंत होतात. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी? मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची केबल राहिली असेल. किंवा मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली असेल. इंटेलच्या नावाला शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, तिथे मदरबोर्डच्या पोर्टातून काही उमटायचं नाही.

हे सगळं ठीक असूनही अंधारच असेल आणि रॅम नव्या पिढीची, डीडीआर५, असेल, तर काही करू नका. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी ओळख करून घेतो, त्यात काही मिनिटं जातात. घाबरून मधेच बंद केलंत तर ओळखपरेड पहिल्यापासून. तेवढ्या वेळात घरातलं कुणीतरी येऊन विचारतंच, “रेडीमेड का नाही घेतला?” तेव्हा फक्त टेबलावर उरलेले दोन स्क्रू हळूच खिशात टाका.