रोड टॅक्सवर तालुक्याचं नाव नसतं

हिंडलगा, उचगाव, तुरमुरीकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘रोड टॅक्स कायद्यानं फक्त रस्त्यालाच वापरता येतो. बेळगावात भरलेला पैसा बेळगावातच खर्च झाला पाहिजे. महाराष्ट्रात तसं होतं. कोर्टात जाऊया.’

चीड खरी आहे. बाचीच्या अलीकडे भर पावसात आईला स्कूटरवरून उतरवून मी खड्ड्याच्या कडेनं चालवत नेलंय. तिची चप्पल चिखलात रुतली, ती हातानं उपसून काढली. पण मेसेजातला कायदा चुकीचा आहे.

आपण भरतो तो कर १९५७ च्या कर्नाटक मोटार वाहन कर कायद्याखालचा. तो अबकारीसारखाच राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून खर्चाला पैसा काढायचा तर विधिमंडळात विनियोजन विधेयक मंजूर व्हावं लागतं. कुठल्या तालुक्यानं किती भरला, यावर ते ठरत नाही. वाहनकर म्हणजे रस्त्याचा मोबदला, ही जुनी मांडणीही सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१६ साली मोडीत काढली. मग कोर्टात मागणार काय?

पैसा राखीव ठेवायची वाट आहे, ती सेसची, म्हणजे ठरावीक कामासाठी लावलेल्या उपकराची. त्याच कायद्यात वाहनकरावर सेस बसवलाय. त्याचे हेतू एकदा वाचाच: ग्रामीण रस्त्यांच्या निधीबरोबर बेंगळूरू मेट्रोचं भांडवलही त्यात आहे. हे मला खरंच खटकतं, आणि ते बदलायचं तर कायद्यात दुरुस्ती लागेल. पेट्रोल-डिझेलवरचा केंद्राचा रस्ते सेससुद्धा आधी भारताच्या एकत्रित निधीत जातो, मग संसद तो देते.

महाराष्ट्राचं म्हणाल तर घटना दोन्हीकडे एकच. शिनोळीपलीकडच्या रस्त्यालाही तिथल्या विधिमंडळाची मंजुरी लागते.

आपल्याला गाठायचंय ते बजेट. एकदा खात्यांच्या खर्चाच्या मागण्या सभागृहात आल्या की आमदाराला कपात सुचवता येते, रक्कम वाढवता येत नाही. म्हणून मार्चच्या आसपास बेंगळूरूत बजेट मांडलं जाण्याआधीच आपलं काम सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीत चढलं पाहिजे. राहिलंच, तर पुरवणी मागण्या असतात. हलग्याच्या सुवर्ण सौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा त्या बहुधा येतात. निवेदनात नुसता ‘रस्ता करा’ नको. कुठून कुठपर्यंत, किती किलोमीटर, कुठल्या लेखाशीर्षाखाली (बजेटमधल्या खर्चाच्या कुठल्या सदरात), हे लिहा.

तुरमुरी ते बाची हा तुकडा मोजायला मी रविवारी सकाळी सातला निघतोय. टेप माझ्याकडे आहे, वही धरायला एकजण हवा.